खंडेनवमीचा सर्व्हर

प्रोग्रामरने लिनक्स सांभाळायला शिकावं का, हा प्रश्न मला आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारला गेला. विचारणारे गृहस्थ चौथ्या मजल्यावरचे, मुलगा नुकताच इंजिनिअर झालेला. मी घसा साफ करून उत्तर द्यायला सुरुवात केली, तोवर त्यांचा मजला आला. बाहेर पडता पडता ते म्हणाले, "सावकाश सांगा काका. आणि येताना आमचा प्रिंटरही बघून जा." निवृत्त सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरला समाज एवढाच ओळखतो. मी प्रिंटर बघून आलो, पण उत्तर राहूनच गेलं. ते आता इथे लिहितो, कारण दिवाळी अंक वाचताना मध्येच कोणाचा मजला येत नाही.

मी चाकणला गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात सर्व्हर सांभाळायचो. सर्व्हर म्हणजे एक मोठा कॉम्प्युटर. त्याला स्क्रीन नसते, त्याच्यासमोर कोणी बसत नाही, तो एसीच्या खोलीत एकटाच घुमत असतो आणि कारखान्यातल्या सगळ्यांची कामं करतो. आमच्या सर्व्हरवर लिनक्स होतं. हे फुकट मिळतं आणि आत कसं चालतं ते कोणालाही उघडून बघता येतं. उघडून कोणी बघत नाही ती गोष्ट वेगळी. माझं काम म्हणजे हा सर्व्हर जागा ठेवणं. काम नीट चाललं असेल तर वर्षभर कोणाला माझं नावही आठवायचं नाही. बिघडलं की वॉचमनपासून मालकापर्यंत सगळ्यांना माझा मोबाईल नंबर तोंडपाठ.

प्रोग्रामरची जात वेगळी. प्रोग्राम लिहिला, आपल्या लॅपटॉपवर चालला, की तो हात झटकून मोकळा. तो प्रोग्राम राहणार कुठे, त्याला सकाळी उठवणार कोण, त्याने केलेला कचरा कोण उचलणार, हे सगळं माझ्या पदरात. आमच्याकडे पूर्वी एक बीडकडचा प्रोग्रामर होता. त्याने स्टोअरचा प्रोग्राम सर्व्हरवर ठेवलाच नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर चालू ठेवला आणि लॅपटॉप टेबलाखाली. तो स्वतःच्या लग्नाला लॅपटॉप घेऊन गावी गेला आणि इकडे स्टोअरमधून नट-बोल्ट मिळेना. शेवटी पठ्ठ्याने मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत मांडवात लॅपटॉप उघडला. स्टोअर चालू झालं. सासरच्या लोकांना जावई फार कामसू वाटला म्हणे.

त्याच्या जागी तेजस्विनी आली. लातूरची, बुद्धीने तल्लख आणि जिभेने तिखट. तिने डिस्पॅचचा, म्हणजे माल बाहेर पाठवण्याचा, प्रोग्राम नव्याने लिहिला, आणि तो सुंदर होता, हे मी तिच्यासमोर कधी म्हटलं नाही, पण इथे म्हणतो. त्या प्रोग्राममधून प्रत्येक पेटीसाठी एक लेबल छापलं जायचं. लेबलाशिवाय गाडीच्या कंपनीच्या गेटवर आमची पेटी कोणी आत घेत नसे. म्हणजे बिजागरी कितीही उत्तम बनवा, तेजस्विनीचा प्रोग्राम बंद तर आमचा ट्रक गेटवर उभा.

मी तिला नेहमी सांगायचो, "अगं, थोडं लिनक्स शिकून घे."

"सर, मी कोड लिहायले, तुम्ही सर्व्हर सांभाळायलेत. कशाला एकमेकांच्या कामात पडायचं?"

"तुझा प्रोग्राम माझ्या सर्व्हरवर राहतो म्हणून."

"भाडेकरूनं काय बिल्डिंग बांधायला शिकायचं का सर?"

"बांधू नको. पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठाय, एवढं तरी माहीत असू दे."

त्यावर ती हसून म्हणायची, "त्याला तुम्ही हाव की." आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडायचं. काही अडलं की तिचा एकच उपाय असे. "सर, सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाका की." लिनक्समध्ये कोणती फाइल कोणी वाचावी आणि कोणी बदलावी, हे ठरवता येतं. सगळ्यांना सगळी परवानगी म्हणजे घराची दारं सताड उघडी टाकून गावाला जाणं. मी तिला त्यावर एवढी व्याख्यानं दिली की पुढे पुढे मी तोंड उघडलं की ती हेडफोन लावायची.

आता आमचे मालक. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मूळचे चाकणजवळच्या कुरुळीचे. एका शेडमध्ये एक लेथ मशीन टाकून त्यांनी सुरुवात केली आणि अजूनही ते कारखान्यात शिरताना उंबरठ्याला हात लावून आत येतात. खंडेनवमी हा त्यांचा खरा सण. त्या दिवशी सगळी मशीनं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून बंद ठेवायची. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा मुहूर्त होईपर्यंत कोणीही हात लावायचा नाही. चालू मशीनची पूजा त्यांना मंजूर नव्हती. "जेवत्या मानसाला कोन टिळा लावतं का?" असं ते विचारायचे.

पण सर्व्हर बंद करायला मी तयार नव्हतो. माझा सर्व्हर बसवल्यापासून बंद झाला नव्हता. आमच्या धंद्यात ही फुशारकीची गोष्ट. पैलवान जशा गदा मोजतात, तसे आम्ही सर्व्हर न थांबता किती काळ चालला ते एकमेकांना सांगतो. म्हणून मी एक युक्ती काढली होती. सर्व्हर रूमच्या दाराशी एक जुना, मेलेला कॉम्प्युटर स्टुलावर मांडायचा. देवळात मूळ मूर्ती गाभाऱ्यात असते आणि पालखीत उत्सवमूर्ती जाते, तसं. हळदकुंकू, अक्षता, झेंडू, सगळं उत्सवमूर्तीला. आत मूळ सर्व्हर निवांत घुमतोय. अण्णा दरवर्षी मनोभावे पूजा करायचे आणि मी मागे हात जोडून उभा.

त्या वर्षी आम्हाला चिंता वेगळीच होती. एक टाय लावलेला माणूस त्यांच्याकडे तयार सॉफ्टवेअर विकायला येऊ लागला होता. ते घेतलं तर तेजस्विनीचा प्रोग्राम जाणार आणि तिची नोकरीही. हे अण्णांनी लपवलं नव्हतं. तिने त्याच श्रावणात आईवडिलांना लातूरहून आणून पिंपळे सौदागरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये ठेवलं होतं. वडिलांना तिथला जॉगिंग ट्रॅक आवडला होता. "आता परत जायचं नाव काढंनात सर," ती म्हणाली होती. म्हणून ती त्या टायवाल्याला जिन्यात बघितलं की दुसऱ्या जिन्याने जायची.

खंडेनवमीला अण्णा माझ्या उत्सवमूर्तीसमोर बसले. कुंकू लावताना त्यांनी मागच्या जाळीतून आत डोकावलं. लेथवर आयुष्य काढलेला माणूस, मशीन बघितल्याशिवाय राहवेना.

"साळवी, ह्यात काय न्हाई की वो. आत कोळ्याचं जाळं हाय."

नेमका वॉचमन मदतीला धावला. "अण्णा, त्यो लई दिवसापास्नं बंदच हाय. साळवीसाहेब फक्त खंडेनवमीला भाईर काढत्यात."

अण्णा उठून उभे राहिले. "म्हंजी मी इतकी वर्सं मढ्याला नारळ फोडतोय?"

मी मूळ मूर्ती आणि उत्सवमूर्तीचा सगळा विचार त्यांना समजावून सांगितला. तो शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "देवळात बरूबर हाय. हितं कारखाना हाय. खरी मशीन बंद करा."

मालकाशी वाद किती घालणार? दिवसभराची लेबलं सकाळीच छापून झाली होती, ट्रक भरत होता, काही अडणार नव्हतं. मी सर्व्हर रीतसर बंद केला. ती घुमणारी खोली एकदम गप्प झाली आणि माझ्या घरातलं कोणी आजारी पडावं तसं मला झालं. अण्णांनी मनसोक्त पूजा केली. मी "जाळीवर नको, जाळीवर नको" म्हणत होतो, पण भक्ती ओसंडून वाहत होती. हळद सगळीकडे गेली.

आरती झाली, पेढे वाटले, आणि गाडीच्या कंपनीतून फोन आला. त्यांच्याकडे पूजा दसऱ्याला, त्यामुळे त्यांचं काम चालूच होतं. त्यांनी बेत बदलला होता. डाव्या दाराच्या बिजागऱ्या नकोत, उजव्या पाठवा, आणि संध्याकाळच्या आत, नाहीतर गाड्या जोडण्याची त्यांची लाइन थांबते. माल गोदामात तयार होता, पण उजव्या बिजागऱ्यांची नवी लेबलं हवीत. लेबलं तर त्या सर्व्हरवर, ज्याच्या कपाळी आता कुंकू होतं आणि ज्याला उद्यापर्यंत हात लावायचा नव्हता.

अण्णा दाराशी आडवे. "पूजा झालेल्या मशीनला हात न्हाई लावायचा."

"अण्णा, त्यांची लाइन थांबेल."

अण्णांच्या चेहऱ्यावर एका बाजूला देव आणि एका बाजूला गिऱ्हाईक अशी ओढाताण स्पष्ट दिसत होती. मी म्हटलं, "लिनक्सला हात लावावा लागत नाही. मी माझ्या केबिनमधून, नेटवर्कवरून सगळं करतो. फक्त बटण तेवढं कोणीतरी दाबायला हवं."

अण्णा दारातून बाजूला झाले. "लांबनं करनार न्हवं? मंग चालतंय. बटन मी दाबतो. पूजा मी केलीय, मी दाबलं तर देव काय म्हननार न्हाई."

त्यांनी नमस्कार करून बटण दाबलं. पंखा फिरला आणि जाळीतली सगळी हळद एका फुंकरीत अण्णांच्या पांढऱ्या शर्टावर आली. नवरदेवासारखे पिवळे झालेले अण्णा गंभीरपणे म्हणाले, "चालू झालं."

सर्व्हर चालू झाला होता. प्रोग्राम नव्हता झाला. माझ्या केबिनमध्ये मी कीबोर्डवर, शेजारी तेजस्विनी उभी, काचेतून डिस्पॅचचा सुपरवायझर मनगटावरचं घड्याळ दाखवतोय.

"सर, माझा प्रोग्राम कुठाय?"

"तेच तुला विचारतोय. मशीन सुरू झाली की तो कोण सुरू करतं?"

"तो चालूच असतो की."

"कोणी चालू केला होता?"

ती बारीक आवाजात म्हणाली, "मी. प्रोग्राम लिहून झाला तेव्हा. हातानं."

म्हणजे तिने एकदा हाताने सुरू केला, सर्व्हर कधी थांबलाच नाही, म्हणून प्रोग्रामही थांबला नाही. मशीन बंद होऊन पुन्हा उठली तर याला आपोआप उठव, असं लिनक्सला सांगून ठेवावं लागतं. दोन-चार ओळींचं काम. ते तिला माहीत नव्हतं, कारण ती म्हणायची, ते सरांचं काम. मी म्हटलं, "बघितलंस?" आणि असा चेहरा केला की आज मला त्याची लाज वाटते, पण त्या क्षणी फार बरं वाटलं.

तिने प्रोग्राम हाताने सुरू केला. तो लगेच मेला. लेबलं ठेवायच्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही, अशी त्याची तक्रार.

"तुझ्या कोडची चूक," मी म्हटलं.

"सकाळी हाच कोड चालायला होता सर."

मी फोल्डरला परवानगी दिली. नाही चालला. आणखी दिली. नाही. काचेबाहेर सुपरवायझरच्या जागी आता पिवळे अण्णा उभे होते. मी घाम पुसत सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकली.

"सर!" तेजस्विनी किंचाळलीच. "दारं सताड उघडी टाकायलेत तुम्ही!"

मी थांबलो. तिने माझ्या हातून कीबोर्ड ओढून घेतला, फोल्डर उघडला, आणि तोंडाला हात लावला. "सर, हा रिकामा हाय. माझी जुनी लेबलं कुठं गेली? इथं तर ढीग असतो."

ढीग दुसऱ्या डिस्कवर होता. जागा कमी पडायला लागली तेव्हा ती डिस्क मी सर्व्हरला जोडली होती. हाताने. मशीन पुन्हा उठली की ती आपोआप जोडून घे, असं सांगायचं राहून गेलं होतं, कारण माझा सर्व्हर कुठे बंद पडणार होता! परवानगीचा प्रश्नच नव्हता. घरच जागेवर नव्हतं आणि मी दाराच्या कड्या काढत बसलो होतो.

तेजस्विनीने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे सर, तुमचंबी माझ्यासारखंच."

मी डिस्क जोडली. परवानग्या होत्या तशा केल्या. तिने प्रोग्राम सुरू केला आणि डिस्पॅचमधून लेबल प्रिंटरचा कर्र कर्र आवाज आला. त्याहून गोड आवाज मी ऐकलेला नाही. ट्रक गेला, वेळेत पोचला, आणि गाडीच्या कंपनीला आमच्याकडे काय गोंधळ झाला याचा पत्ताही लागला नाही.

अण्णा केबिनमध्ये आले. मला वाटलं शाबासकी देतील. ते खुर्चीत बसले, शर्टावरची हळद झटकली आणि म्हणाले, "आज तुमी दोघं होता. उद्या ही गावाला गेली आन तुमी रिटायर झालात, तर ह्याला उठवनार कोन?"

मग त्यांनी निकालच दिला.

"त्यो टायवाला दिवाळी झाल्यावर येनार हाय. त्याच्यासमोर बंद करून आपलंआपन चालू झालेलं दाखवा. न्हाई जमलं तर मी त्याचं घेतो. राग नका धरू पोरी, पर मला रातची झोप पायजे."

मग आमची शाळा सुरू झाली. तेजस्विनी हेडफोन काढून माझ्या केबिनमध्ये बसायला लागली. मशीन उठली की आधी डिस्क जोडायची, मग डेटाबेस, म्हणजे मालाच्या नोंदींची वही, उठवायचा, तो नीट जागा झाला की मगच प्रोग्राम उठवायचा, हे लिनक्सला कसं सांगायचं ते ती शिकली. मग प्रोग्राम मधेच मेला तर त्याला पुन्हा कोण उठवेल, तो भरमसाट नोंदी लिहून जागा खाईल तेव्हा त्या कोण साफ करेल, हे ती स्वतःहून विचारायला लागली. "सर, कॉलेजात हे कोणीच कसं नाही शिकवलं?" ती चिडून विचारायची. कॉलेजात शिकवणाऱ्यांचा ट्रक गेटवर कधी उभा राहिला नव्हता, दुसरं काय?

सगळ्यात वाईट म्हणजे ती रोज जेवणाच्या सुट्टीत सर्व्हर बंद करून बघायची. माझ्या हयातीत मी ज्याला धक्का लागू दिला नाही, तो ती टिफिन खाता खाता बंद करायची. पहिल्यांदा डेटाबेस उठला नाही. नंतर डेटाबेस उठला पण प्रोग्रामने त्याची वाट बघितली नाही. माझा डबा तसाच राहायचा. घरी बायकोने विचारलं, डबा परत का येतोय. मी म्हटलं, ऑफिसात एक मुलगी आहे. पुढचं वाक्य पूर्ण करायला मला जरा वेळच लागला.

हे शिकवताना मला एक गोष्ट जाणवली आणि ती सुखाची नव्हती. इतकी वर्षं "अगं, शिकून घे" म्हणत होतो खरा, पण तिने शिकावं असं मला मनापासून वाटत नव्हतं. फोन मलाच यावेत, माझ्याशिवाय अडावं, यात एक गंमत होती. ती आता रोज थोडी थोडी कमी होत होती.

दिवाळी झाली. टायवाला आला. सर्व्हर रूममध्ये आम्ही चौघे दाटीवाटीने उभे. अण्णांनी त्याला सरळ विचारलं, "तुमचं बंद पडलं तर आपलंआपन चालू व्हतं का?"

तो हसला. "सर, आमचं सॉफ्टवेअर बंद पडतच नाही."

"ह्यांचंबी न्हवतं पडत," अण्णा म्हणाले आणि तेजस्विनीकडे वळले. "दाखव पोरी."

आमचं ठरलं होतं की मी सर्व्हर रीतसर, हळुवार बंद करणार. मी सोबत आणलेल्या लॅपटॉपच्या कीबोर्डकडे वळलो तोवर तेजस्विनी खाली वाकली आणि तिने भिंतीतून वायरच उपटली.

"अगं!" मी ओरडलो.

"वीज जाताना तुम्हाला विचारून जाते का सर?"

तिने मनात दहा-बारा अंक मोजले असावेत. मग वायर परत लावली, बटण दाबलं आणि हात मागे बांधून उभी राहिली. तिची बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली मला मागून दिसत होती. पंखे घुमले. दिवे लागले. मला सवयीने कीबोर्ड गाठावासा वाटत होता, पण मी जागेवरून हललो नाही. तिथे करायला माझ्यासाठी काही ठेवलेलंच नव्हतं. टायवाल्याने एकदा घड्याळ बघितलं. अण्णांनी बघितलं नाही.

इंटरकॉम वाजला. डिस्पॅचचा सुपरवायझर होता. "साहेब, प्रिंटरमधनं आपोआप लेबल आलंय. 'मी उठलो' असं लिहिलंय त्याच्यावर. हे कुठल्या पेटीला चिकटवू?"

तेजस्विनी भिंतीला टेकून चक्क खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. अण्णांनी टायवाल्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला सांगितलं, "चहा घेऊन जावा." मग वडिलांना फोन कर म्हणून तिला सांगितलं, आणि माझ्याकडे बघितलं. अण्णांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"साळवी, हे तर आता आपलंआपन उठतंय. पोरीला समदं येतंय. मंग तुमी काय करनार?"

तेजस्विनी डोळे पुसत उठली आणि माझ्या वतीने तिनेच सांगून टाकलं, "सर आता कोड लिहायला शिकणारेत, अण्णा. सोमवारपासून. मी शिकवणार."

"अगं, मी चार महिन्यांत रिटायर होतोय," मी म्हटलं.

"मग तर लई घाई करावी लागंल," ती म्हणाली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.